देवाच्या कामाला दिलेला सायकल स्टँड

मित्रांनो, मी एक सायकल स्टँड आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण नुसते पाहून मला कोणी ओळखत नाही. मी दुकानापुढे असतो तसा लांबलचक नव्हे की भिंतीत ठोकलेलाही नव्हे. घराच्या पडवीत जमिनीवर बसणारा, तीन खाचांचा, लोखंडी. खाचेत चाक ढकलायचे की सायकल उभी राहते. माझे काम एवढेच. आणि एवढेसे काम सोडून जगातली बाकीची सगळी कामे माझ्याकडून करून घेतली जातात. रागावू नका, पण आज मला थोडे बोलू द्या.

माझे लोखंड पूर्वी गोठ्याच्या छपरात होते. दिवेआगरहून अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी भागोजीबुवांचे घर आहे. २०२० साली जूनमध्ये वादळ आले, तेव्हा त्या घराच्या पोफळी आडव्या झाल्या आणि गोठ्याचे पत्रे पाइपांसकट उडून शेजारच्या शेतात जाऊन पडले. पुढे तळा गावचा निकेश वेल्डर गावोगाव पत्रे बसवत इकडे आला. वाकडे झालेले पाइप भंगारात घालायचे ठरले होते. पण त्याच सकाळी पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेली बुवांची काळी सायकल घसरली, तिने नातीची सायकल सोबत घेतली, आणि दोन्ही सायकली बुवांच्या बायकोने, आवडाबाईंनी, वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन पडल्या.

आवडाबाई काय काय बोलल्या ते मी सांगत नाही. बुवा माळकरी माणूस, मान खाली घालून ऐकून घेतले. मग निकेशला म्हणाले, "बाबा, ह्या पाइपांचं कायतरी कर. सायकल उभी ऱ्हायली पायजे, आन् घरात शांतता ऱ्हायली पायजे."

निकेशने दुपारभरात मला उभा केला. खाली दोन आडवे पाइप, वर वाकवलेल्या सळ्यांच्या तीन जोड्या, चार पायांना जुन्या टायरचे तुकडे. खिडक्यांचा उरलेला हिरवा रंग मला मिळाला. पहिल्या खाचेत बुवांची काळी सायकल, दुसऱ्या खाचेत नातीची, रुचिकाची, शाळेची. तिसरी खाच पाहुण्यांची. पोस्टमन आला तरी बुवा त्याची सायकल स्वतः आणून माझ्यात लावत. "भिंतीला नको, भिंतीला नको," असे म्हणत. ते माझे सोन्याचे दिवस! शेजारची मैना मुद्दाम बघायला आली आणि म्हणाली, "काकी, सायकल गाईवानी दावणीला बांधल्यासारकी दिसते गं." मी किती फुगलो म्हणून सांगू!

हे सुख वर्षभर टिकले असेल. मग बुवांचा मुलगा सुजित न्हावा शेव्याला कामाला लागला आणि व्यायामासाठी म्हणून गिअरची सायकल घेऊन आला. तिचे टायर चांगले मनगटाएवढे जाड. निकेशने माप घेतले होते ते काळ्या सायकलचे. सुजितने एकदा रेटून पाहिले, दोनदा पाहिले, आणि म्हणाला, "आई, हा स्टँड आउटडेटेड आहे." सायकल भिंतीला टेकवून तो निघून गेला. तिसरी खाच रिकामी राहिली.

रिकामी जागा आणि आवडाबाई, यांचे कधी जमलेले नाही. आधी तिथे ओला पंचा आला. मग छत्री. मग केळीची पाने, सुपाऱ्यांचे पोते, आणि सणाला घासलेली परात पालथी. पहिल्या खाचेवर गोधडी पडली की बुवा सायकल अंगणात लावत. रुचिका घाईत असली की चाक अर्धवटच आत घाली. मित्रांनो, चाक अर्धवट आत असले आणि वरून सायकलला धक्का लागला तर चाकाच्या तारा वाकतात. यात माझा दोष काय? पण रुचिका म्हणायची, "आजी, ह्या स्टँडमुळेच माझं चाक डगमगतंय." आणि आवडाबाई म्हणायच्या, "मंग नको लावू त्यात. माझी गोधडी वाळते, तेवढं बरं हाय."

खाऱ्या वाऱ्याने माझा रंग उडाला. एका पायाचे टायर निघून गेले. तरी पहिल्या खाचेत काळी सायकल येत होती, तोवर मी गप्प होतो. कारण ती सायकल कशासाठी जपायची, ते मला ठाऊक होते.

आता ते सांगतो. डोंगराच्या पलीकडच्या वाडीत देऊळ आहे. दर चैत्रात तिथे सप्ताह बसतो. सात दिवस अखंड नामस्मरण चालते आणि त्या सात दिवसांत वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम आहे. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. जमिनीवर नाही, पाटावर नाही, खुंटीवर नाही. प्रत्येकाचा दोन तासांचा पहारा ठरलेला. दुपारी बारा ते दोन हा पहारा कोणालाच नको असतो. मंडप तापलेला असतो, सगळे गाव पंगतीत असते, डोळ्यांवर झापड येते. हा पहारा बुवांनी सव्वीस वर्षे केला. काळ्या सायकलवरून चढ चढून ते पावणेबाराला मंडपात हजर असत. वर्षभर भात, पोफळी, गुरे. पण माणूस जगत होता त्या चौदा तासांसाठी. असे मी नुसते म्हणत नाही. फाल्गुन लागला की ते रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसून सायकलची साखळी पुसत आणि पुसता पुसता नामाची चाल गुणगुणत. लोखंडालाही कळते हो, माणूस कशाची वाट पाहतो आहे ते.

यंदा सप्ताहाआधी चार दिवस बुधाजी पडवीत आले. हे सप्ताहाचे प्रमुख. मनाने वाईट नाहीत, पण नियमाला एकदम कडक.

चहा झाला. बुधाजी म्हणाले, "बुवा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गेल्या साली तुमाला धा मिन्टं उशीर झाला."

"चाक बसलं व्हतं. पंक्चर."

"व्हय. पण वीणा घेऊन आधीच्या पहाऱ्याची सत्यवती उभी ऱ्हायली ना? तिला साखरेचा त्रास. तुमचं वय आता सत्तरीला आलंय. पोरं म्हणतात, दुपारचा पहारा ऋत्विकला द्या. त्याच्याकडं मोटारसायकल हाय."

बुवांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"मी पोरांना सांगितलंय," बुधाजी पुढे म्हणाले, "ह्या साली बुवाच करतील. पण उशीर झाला, तर पुढल्या सालापासून ऋत्विक. हे माझं शेवटचं."

"न्हाय व्हनार उशीर," बुवा म्हणाले.

इथपर्यंत ठीक होते. पण उठता उठता बुधाजींची नजर माझ्यावर पडली. मी त्या दिवशी नेमका मोकळा होतो. काळी सायकल तेवढी पहिल्या खाचेत.

"हे झकास हाय की! मंडपाच्या तोंडाशी तीन पताका उभ्या करायच्यात. फरशीत खड्डा खणता येत न्हाय. ह्याच्या खाचांत काठ्या बसतील. देता का सात दिवस?"

मित्रांनो, मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. अहो बुवा, नाही म्हणा! तुमच्याच तोंडून हो निघाले, तर तुमची सायकल उभी कुठे राहील? पण बुवांचा एक नेम होता. देवाच्या कामाला कोणी काही मागितले तर नाही म्हणायचे नाही. फणस मागितले, दिले. सतरंज्या मागितल्या, दिल्या. त्यांनी स्वतः काळी सायकल बाहेर काढली, मला खांद्यावर घेतला आणि बुधाजींच्या टेंपोत ठेवला. वर मलाच म्हणाले, "नशीबवान हायेस लेका."

नशीबवान!

आता खोटे कशाला बोलू? सहा दिवस मी मंडपाच्या तोंडाशी पताका धरून उभा होतो, आणि रोज संध्याकाळी कीर्तन ऐकत होतो. कीर्तनकारांचा आवाज असा, की टाळ थांबले तरी तो वाशांत घुमत राहायचा. एकदा ते म्हणाले, "होडी काठाला लागली म्हणून दोर सोडता का तुम्ही? खुंट्याला वेढा पडेपर्यंत दोर हातातच ठेवता ना? मग नाम कसे रे अर्ध्यात सोडता?" समोर बसलेल्या बायांनी पदराला डोळे पुसले. मीसुद्धा, गंजका असलो तरी, आतून हललो. पण कीर्तन संपले की वाऱ्याने पताकांच्या काठ्या खडखडायच्या आणि माझा जीव पुन्हा घराकडे जायचा. काळी सायकल कुठे असेल? कोणी नीट उभी केली असेल का?

पाच दिवस बुवा वेळेवर आले. सहाव्या दिवशी घरी जे झाले ते मला पुढे कळले, आवडाबाईंनी मैनेला हातवारे करून सांगितले तेव्हा.

काळी सायकल अंगणातल्या पोफळीला टेकवलेली होती. शनिवार असल्याने सुजित घरी आला होता. त्याने आपली जाड चाकांची सायकल काळ्या सायकलला टेकवली आणि तो पंगतीत वाढायला मित्राच्या गाडीवर बसून मंडपाकडे निघून गेला. रुचिका त्याच्या आधीच गेली होती. आवडाबाईंनी भंडाऱ्यासाठी दहा किलो तांदूळ पिशवीत भरले आणि बुवांना न्यायला सोपे म्हणून काळ्या सायकलच्या एका मुठीला पिशवी अडकवली. देवाचेच तांदूळ! मूठ वळली, सायकल पोफळीवरून निसटली, दोन्ही सायकली विहिरीच्या दगडावर कोसळल्या. काळ्या सायकलचे पुढचे चाक खालीच सापडले. बुवा टोपी घालून बाहेर आले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि चाक पार दुमडले होते.

"सुजितला फोन लाव," बुवा म्हणाले.

फोन वाजत राहिला. सुजितचे हात वरणाच्या बादलीत.

"त्याची सायकल घ्या ना मग," आवडाबाई म्हणाल्या.

बुवांनी ती उचलली, टांग टाकायला गेले. सीट एवढी उंच, की पाय जमिनीला लागेना. दोनदा तोल गेला. तेव्हा ती तिथेच टाकून ते चालत निघाले. अडीच किलोमीटर, मधे चढ, डोक्यावर चैत्राचे ऊन आणि गुडघ्याला पट्टा.

इकडे मंडपात बारा वाजले. वीणा सत्यवतीबाईंच्या गळ्यात होती. त्यांचा दहा ते बाराचा पहारा. त्या रस्त्याकडे पाहत होत्या. सव्वाबारा झाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि तारेवरचे बोट थरथरत होते.

बुधाजी पंगत सोडून आले. "सत्यवती, तुझी साखर उतरते हाय. आण ती वीणा."

"तुमचे हात उष्टे हायेत. शिवू नका."

"ऋत्विक?"

"तो बर्फ आणायला गेलाय बोर्लीला."

बुधाजींनी इकडेतिकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. आणि त्यांनी डाव्या हाताने मधल्या खाचेतली पताका उपसली.

"हितं ठेव. खाचेत. जमिनीला लागत न्हाय म्हंजे खाली ठेवली असं व्हत न्हाय. पाच मिन्टांचा तर प्रश्न."

माझ्या सळ्या थंड पडल्या. मित्रांनो, मी गंजलेला, मी खरबरीत, माझा एक पाय लुळा. माझ्यात वीणेचा तो भोपळा ठेवला तर तडकेल. आणि न तडकला तरी? सात दिवसांचा नेम माणसांनी धरलेला, तो लोखंडाच्या गळ्यात कसा घालणार? मला सायकल धरू द्या हो! सगळे धरून झाले, पंचा, गोधडी, परात, पताका. आता देवाची वीणासुद्धा मीच धरायची, आणि ज्या सायकलवरून तिचा पहारेकरी यायचा, ती मात्र मी सोडून कोणीही धरावी?

सत्यवतीबाई दोन पावले मागे सरकल्या. "न्हाय ठेवनार."

"अगं, चक्कर येऊन पडलीस तर वीणेसकट पडशील!"

"मंग खुर्ची द्या, आन् गूळ द्या. रुचिका, ये गं इकडं, मला गूळ भरव. माझे हात मोकळे न्हायीत."

रुचिका धावत आली. एका हाताने सत्यवतीबाईंच्या पाठीला आधार देऊन दुसऱ्या हाताने तिने गुळाचा खडा त्यांच्या तोंडात घातला. खुर्ची आली. वीणा वाजत राहिली. बुधाजींच्या हातात पताकेची काठी तशीच राहिली.

बारा वाजून पस्तीस मिनिटांनी बुवा मंडपात आले. एका पायात चप्पल नव्हती. पाय धुतले, नमस्कार केला, वीणा गळ्यात घेतली. सत्यवतीबाईंनी डोळे मिटले आणि खुर्चीला पाठ टेकली.

"पस्तीस मिन्टं," बुधाजी म्हणाले.

"दादा, खंड कुटं पडलाय?" सत्यवतीबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. "मी व्हते ना? वीणा खाली आली न्हाय. मग हिशेब कसला मांडता?"

"तू पडली असतीस तर गावाला मी काय सांगनार व्हतो? बोललो ते बोललो. पुढल्या साली ऋत्विक."

सगळ्यांनी बुवांकडे पाहिले. सायकलचेच काहीतरी झाले, हे मी तेव्हाच ओळखले. बुवांनी सांगायला हवे होते, की चाक मोडले, सायकल पोफळीला होती, कारण स्टँड तुम्ही नेलात. पण वीणा गळ्यात असताना नामाशिवाय काही बोलायचे नाही, हाही बुवांचा स्वतःचा नेम. ते डोळे मिटून 'राम कृष्ण हरी' म्हणत राहिले. त्यांना बोलता येत होते पण बोलायचे नव्हते. मला बोलायचे होते पण बोलता येत नव्हते. दोन वाजेपर्यंत आम्ही दोघे असे समोरासमोर. दोन वाजता वीणा पुढच्याच्या गळ्यात गेली, तेव्हा कोणीतरी विचारले, "बुवा, उशीर कशानं झाला?"

"माझ्यानंच," बुवा म्हणाले. बस्स. एवढेच. मला इतका राग आला, इतका राग आला, की काय सांगू!

सातव्या दिवशी ते सकाळी दहालाच चालत येऊन बसले. बारा ते दोन शेवटचा पहारा केला. काल्याची दहीहंडी झाली, पताका उतरल्या, मांडव सुटला. सतरंज्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या, भांडी गेली. मी राहिलो. अकरा दिवस देवळाच्या मागे, नारळाच्या झावळ्यांखाली. माझी आठवण कोणालाही आली नाही.

बाराव्या दिवशी बुवा आले, रुचिकाला घेऊन. बुधाजी ओट्यावर बसले होते. लगबगीने उठले. "अरे, मी पाठवनारच व्हतो टेंपोतनं."

"ऱ्हावद्या. नात हाय संगतीला धरायला," बुवा म्हणाले.

"बुवा, मला नंतर समजलं," बुधाजी खाली पाहून म्हणाले. "सायकलीचं. आधी बोलला असता तर..."

"तुमी मागितलं, मी दिलं. देताना बघायला पायजे व्हतं. ते मी बघितलं न्हाय."

बुधाजींनी पुढे काही तोडगा काढला का? नाही. यादी फिरवली नाही. ऋत्विकचे नाव पक्के झाले आहे. बुवा आणि रुचिकाने मला एकेका टोकाला धरले आणि चढ चढून, उतरून घरी आणले. दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा रुचिका म्हणाली, "आजोबा, पुढल्या वर्षी बारा वाजता तुम्ही काय करणार?"

बुवांनी पंचाने मान पुसली. मग म्हणाले, "ऋत्विक नवा हाय. दुपारची झोप येते पोराला. समोर बसून टाळ वाजवायला कुनीतरी लागंल."

पडवीत मला जागेवर ठेवले. बुवांनी लुळ्या पायाखाली टायरचा नवा तुकडा खिळ्याने बसवला. मग काळी सायकल आणली. दुमडलेले पुढचे चाक माझ्या खाचेत शिरेना. त्यांनी क्षणभर पाहिले, सायकल उलटी फिरवली आणि मागचे चाक आत ढकलले. पुरते, ठक्क आवाज होईपर्यंत. मी धरली. मग पुढचे चाक सोडवून ते मांडीवर घेतले, आणि दोघे आजा-नात एकेक तार सरळ करत बसली. ते चाक अजून पुरते सरळ झालेले नाही. रोज संध्याकाळी थोडे थोडे काम चालते.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. चांगल्या कामासाठी वस्तू जरूर द्या. मी नको म्हणत नाही. पण देण्याआधी तिच्या आधाराने काय उभे आहे ते एकदा पाहा, आणि त्याची सोय लावून मग द्या. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर आज संध्याकाळी त्याच्यावरची गोधडी काढा. सायकल आणा. मुठीला पिशवी असेल तर आधी उतरवा. आणि चाक अर्धवट टेकवून खेळायला पळू नका. ठक्क आवाज येईपर्यंत आत ढकला.